विलेम कारेल डिके

विलेम कारेल डिके (२१ फेब्रुवारी १९०५ – २९ एप्रिल १९६२) हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ होते. सीलिॲक रोग या लहान मुलांच्या दीर्घकालीन पचनविकाराचे कारण गहू व त्यासारखी काही धान्ये हे आहे, असे त्यांनी दाखवून दिले आणि ही धान्ये वगळलेला आहार हा त्या रोगावरील उपचार म्हणून रूढ केला. त्यांच्या कार्यापूर्वी या रोगाने आजारी पडलेली अनेक मुले कुपोषित होऊन मरण पावत व जी जगत त्यांची वाढ खुंटत असे. आज ग्लूटेनविरहित आहार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पथ्याचा उगम डिके यांच्या कामात आहे.

पूर्वायुष्य व शिक्षण

डिके यांचा जन्म दक्षिण हॉलंडमधील डॉर्ड्रेख्त या बंदराच्या गावी झाला. १९२२ ते १९२९ या काळात त्यांनी लायडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्यानंतर हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयात त्यांनी बालरोगशास्त्राचे विशेष प्रशिक्षण पूर्ण केले. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, ते याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले. पुढील काळातील त्यांच्या बहुतेक निरीक्षणांची सुरुवात या रुग्णालयाच्या कक्षांत झाली. तेथे एकेक मूल महिनोन्महिने दाखल असे व त्याने काय खाल्ले, त्याचे वजन किती भरले, शौच कसे झाले याची नोंद ठेवली जात असे. एरवी कंटाळवाण्या वाटणाऱ्या या नोंदींनाच डिके यांच्या संशोधनात पुराव्याचे मोल आले.

रोगाची तत्कालीन स्थिती

डिके यांचे काम समजण्यासाठी त्यांच्यापूर्वी या रोगाविषयी काय ठाऊक होते ते पाहणे आवश्यक आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ग्रीक वैद्य ॲरेटियस याने पोटाच्या अशा एका दीर्घकालीन विकाराचे वर्णन केले होते. त्याने वापरलेल्या, पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून सीलिॲक हे नाव आले. आधुनिक वैद्यकातील पहिले नेमके वर्णन सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांचे आहे. त्यांनी १८८७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात या विषयावर व्याख्यान दिले व ते पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हा आजार विशेषेकरून दिसतो, शौच फिकट, सैल, फेसाळ, दुर्गंधीयुक्त व खाल्लेल्या अन्नाच्या मानाने फार जास्त होते, पोट फुगते आणि हातपाय मात्र काटक्यांसारखे होतात, असे त्यांनी नोंदविले. बरे होणे शक्य असेल तर ते आहारानेच होईल, हेही त्यांनी ओळखले होते.

मात्र कोणत्या आहाराने, हे गी यांना सापडले नाही. पिष्टमय पदार्थ कमी द्यावेत हे त्यांचे म्हणणे सर्वसाधारणपणे योग्य दिशेचे होते. परंतु त्यांनी भात, साबुदाणा व मक्याचे पीठ वर्ज्य ठरविले आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाच्या पातळ कापाला परवानगी दिली. म्हणजे निरुपद्रवी पदार्थ बंद झाले आणि अपाय करणारा ताटात राहिला. त्यांच्या एका बालरुग्णाची हकिकत वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. या मुलाला हॉलंडहून येणारे शिंपले रोज भरपूर खाऊ घातले असता ते चांगले सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपताच आजार उलटला आणि पुढील हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावण्यास साफ नकार दिला. शिंपल्यांवर पोट भरणारे मूल पाव कमी खाते, हा दुवा त्या वेळी कोणाच्याच लक्षात आला नाही.

अमेरिकेत क्रिश्चन हर्टर यांनी १९०८ मध्ये या रोगावर पुस्तक लिहिले. त्यामुळे युरोपात तो बराच काळ गी-हर्टर रोग या जोडनावाने ओळखला जाई. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. या आहारात केळी भरपूर असत आणि पाव, बिस्किटे, तृणधान्ये व बटाटे बंद असत. मुले खरोखरच सुधारत. श्रेय मात्र केळ्यातील एखाद्या गुणाला दिले गेले. सुधारणा केळी खाल्ल्याने होते की पाव बंद झाल्याने, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही. तरीही या आहाराने अनेक मुलांचे प्राण वाचवले, ही गोष्ट हास यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे.

प्रौढांमध्ये दिसणाऱ्या याच विकाराला पुढे स्प्रू असे म्हटले जाऊ लागले. हा शब्द मूळ डच भाषेतील असून जावा बेटावरील डच वसाहतीत तो उष्ण कटिबंधातील अतिसाराच्या एका दीर्घकालीन आजारासाठी वापरात होता. मुलांचा सीलिॲक रोग व समशीतोष्ण प्रदेशातील प्रौढांचा स्प्रू हा एकच आजार आहे, हे सर्वमान्य होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

१९३० च्या दशकात परिस्थिती अशी होती की रोगाची लक्षणे सर्वांना ठाऊक होती आणि कारण कोणालाच ठाऊक नव्हते. लंडनमधील ७३ बालरुग्णांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के आढळले होते. रुग्णालयात अशा मुलाची शुश्रूषा करणे अत्यंत कष्टाचे असे. मूल चिडचिडे, उदास व हट्टी होते, खाण्याला तोंड फिरवते, रात्री रडते. वारंवार शौचास होत असल्याने त्वचा सोलवटते. एखाद्या साध्या सर्दीतापानंतर जुलाब अचानक वाढून शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होत आणि काही तासांत मूल दगावू शके. परिचारिकांच्या हाती शरीर उबदार ठेवणे, त्वचा कोरडी व स्वच्छ राखणे, थोडे थोडे भरवणे आणि वजन पाहणे एवढेच होते.

गव्हाविषयीचा संशय

गहू हेच कारण असावे असा विचार डिके यांच्या मनात नेमका केव्हा आला, याविषयी एकाहून अधिक आठवणी उपलब्ध आहेत. पाव किंवा टोस्ट खाल्ल्यानंतर एका मुलाचा अतिसार उलटल्याची हकिकत १९३२ मध्ये डच बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत सांगितली गेली होती व ती डिके यांच्या कानी आली, असे एक मत आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे अनेक वर्षांनी सांगितलेली आठवण अधिक परिचित आहे. १९३६ च्या सुमारास एका तरुण आईने डिके यांना सांगितले की, तिच्या आजारी मुलाच्या अंगावरील पुरळ पाव बंद केला की लवकर ओसरते. डिके यांनी ते बोलणे बाजूला सारले नाही. त्यांच्या पत्नीच्या आठवणीतही गव्हाविषयीच्या विचारांची सुरुवात १९३४ ते १९३६ या काळातीलच आहे.

या आठवणींच्या तपशिलात फरक असला तरी त्यांतून एक समान गोष्ट दिसते. घरी मुलाला रोज भरवणाऱ्या व्यक्तीचे निरीक्षण डिके यांनी वैद्यकीय माहिती म्हणून स्वीकारले. त्या काळच्या बालरोगशास्त्रात आईचे म्हणणे पुष्कळदा काळजीपोटी केलेली बडबड समजले जाई. शिवाय पाव हे युरोपीय घरातील सर्वात साधे व निर्धोक अन्न होते. आजाऱ्याला दुसरे काही पचत नसेल तर पाव द्यावा, अशी सर्वसाधारण समजूत होती. आपल्याकडे आजारी मुलासाठी मऊ भाताला जे स्थान आहे, काहीसे तेच तेथे भाजलेल्या पावाला होते. त्याच्यावर संशय घेणे सोपे नव्हते.

डिके यांनी काही मुलांना गहू पूर्णपणे वर्ज्य केलेला आहार देऊन त्यांच्या वजनाचे व उंचीचे आलेख वर्षानुवर्षे ठेवले. १९४१ मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात गी-हर्टर रोगासाठी एक साधा आहार सुचविणारा लेख प्रसिद्ध केला. त्यात पाव व गव्हाचे पदार्थ वगळण्याची शिफारस होती. लेख डच भाषेत होता, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता आणि युरोपभर युद्ध चालू होते. नेदरलँड्सबाहेर त्याची दखल घेतली गेली नाही.

भुकेचा हिवाळा

सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनमधील निर्वासित डच सरकारने रेल्वे कामगारांना संपाचे आवाहन केले. त्याला उत्तर म्हणून जर्मन अधिकाऱ्यांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारा अन्नपुरवठा रोखला. पुढे बंदी सैल झाली तोवर कालवे गोठले होते आणि इंधनही संपले होते. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांत शिधा दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली व पुढे त्याच्याही जवळपास निम्म्यावर आला. लोकांनी बीट व ट्यूलिपच्या फुलझाडांचे कंद शिजवून खाल्ले. हा काळ डच इतिहासात भुकेचा हिवाळा म्हणून ओळखला जातो आणि त्यात २०,००० हून अधिक माणसे मरण पावली, असे मानले जाते.

सर्वत्र मुले अशक्त होत असताना डिके यांच्या रुग्णालयातील सीलिॲक रोगाची मुले तुलनेने बरी राहिली. पाव मिळणे दुरापास्त झाल्याने त्यांना मिळेल त्या इतर अन्नावर ठेवावे लागले होते. युद्धाच्या अखेरीस मदतीचे पीठ व पाव पुन्हा येऊ लागल्यावर हीच मुले पुन्हा आजारी पडली, असे सांगितले जाते.

या प्रसंगावरून एक लोकप्रिय कथा तयार झाली आहे. दुष्काळामुळे पाव बंद झाला, मुले बरी झाली आणि त्यावरून डिके यांना अचानक शोध लागला, अशी ती कथा असून ती पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. ती आकर्षक आहे. परंतु कालक्रमाशी जुळत नाही. गहू वगळण्याची शिफारस करणारा लेख दुष्काळाच्या तीन वर्षे आधी प्रसिद्ध झाला होता आणि त्यामागे आणखी काही वर्षांची निरीक्षणे होती. दुष्काळाने डिके यांना कल्पना दिली नाही. असलेल्या कल्पनेला बळकटी दिली.

दुसरा मुद्दा पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. दुष्काळात केवळ पाव कमी झाला नव्हता. दूध, लोणी, साखर, मांस हे सर्वच कमी झाले होते आणि एकूण अन्नही घटले होते. अशा वेळी कोणत्या एका पदार्थाच्या अभावामुळे मूल सुधारले, हे ठरविता येत नाही. स्निग्ध पदार्थ कमी झाल्याने मुले बरी राहिली, असेही कोणी म्हणू शकले असते. डिके यांना ही अडचण पूर्णपणे ठाऊक असावी, कारण युद्ध संपल्यावर त्यांनी केलेले काम नेमके याच अडचणीवर उपाय शोधणारे होते. तरीही प्रत्यक्षात दिसलेल्या गोष्टीचा मनावर होणारा परिणाम वेगळाच असतो, आणि युद्धानंतर त्यांनी हा प्रश्न अधिक निर्धाराने हाती घेतला यात शंका नाही. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय बालरोग परिषदेच्या वेळी त्यांनी आपले मत सहव्यावसायिकांपुढे मांडले, तेव्हा त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही.

उत्रेख्त येथील प्रयोग

सीलिॲक रोगात अन्नातील स्निग्ध भाग आतड्यात शोषला न जाता शौचावाटे बाहेर पडतो. त्यामुळे किती स्निग्ध पदार्थ पोटात गेला आणि किती बाहेर पडला हे मोजले, तर आजाराची तीव्रता अंकांत सांगता येते. परंतु मोजण्याच्या जुन्या पद्धती वेळखाऊ व बेभरवशाच्या होत्या. रसायनतज्ज्ञ फान दे कामेर यांनी सहकाऱ्यांसह ही अडचण सोडविली. शौचाचा नमुना वाळवत न बसता ओल्या स्थितीतच अल्कली घालून उकळायचा, आम्ल मिसळून स्निग्धाम्ले मोकळी करायची आणि ती विद्रावकात उतरवून त्यांचे प्रमाण काढायचे, अशी ही पद्धत होती. ती १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. उत्रेख्त येथील विल्हेल्मिना बालरुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ वेयर्स हे या कामातील तिसरे सहकारी होते.

प्रयोगाची रचना सोपी होती, पण ती पार पाडणे अवघड होते. मुलाचा बाकीचा आहार स्थिर ठेवून त्यात ठरावीक मुदतीसाठी एकच पीठ किंवा स्टार्च द्यायचे, मग ते बदलायचे आणि प्रत्येक टप्प्यात स्निग्धांशाच्या शोषणाचे प्रमाण पाहायचे. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या स्थितीशी होई. यासाठी दिलेला प्रत्येक घास तोलावा लागे, ताटात उरलेले परत तोलावे लागे, ओकारीची नोंद करावी लागे आणि अनेक दिवस शौचाचा एकही अंश वाया न घालवता गोळा करावा लागे. अंगातून त्राण गेलेल्या, रडणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे करणे म्हणजे काय, हे ज्याने बालकक्षात काम केले आहे त्यालाच कळेल. संशोधन-निबंधांत लेखक म्हणून डॉक्टर व रसायनतज्ज्ञांची नावे आली. पण एखादी बाटली सांडली किंवा शेजारच्या खाटेवरील मुलाने बिस्किटाचा तुकडा पुढे केला, तर अख्ख्या टप्प्याचे आकडे निरुपयोगी झाले असते. असे प्रयोग ज्यांच्या दक्षतेवर उभे असतात तो परिचारिकावर्ग वैद्यकाच्या इतिहासात बहुधा निनावीच राहतो.

निष्कर्ष स्पष्ट होते. गहू व राय यांचे पीठ आहारात आले की शोषण घटे, अतिसार वाढे व वजन थांबे. त्याऐवजी तांदळाचे पीठ, मक्याचे पीठ किंवा मक्याचा स्टार्च दिला की भूक परत येई, शोषण सुधारे आणि स्निग्धयुक्त शौच बंद होई. त्या वेळी ओट हे धान्यही अपायकारक ठरविले गेले होते. सर्वात महत्त्वाची बाब म्हणजे गव्हापासून काढलेल्या शुद्ध स्टार्चने अपाय होत नव्हता. म्हणजे गेली साठ वर्षे ज्या पिष्टमय भागाला दोष दिला जात होता, तो निर्दोष होता आणि अपाय करणारा घटक गव्हाच्या पिठात दुसराच कोणीतरी होता.

हा संबंध इतकी वर्षे का लपून राहिला, याचे एक उत्तरही या नोंदींतून मिळाले. गहू पुन्हा सुरू केल्यावर मूल लगेच आजारी पडत नसे. परिणाम दिसण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागत. तोपर्यंत आई-वडील व डॉक्टर दोघांचेही लक्ष मधल्या काळातील एखाद्या सर्दीकडे, फळाकडे किंवा दुधाकडे वळलेले असे.

बऱ्या झालेल्या मुलांना पुन्हा गहू देऊन आजारी पाडणे आजच्या नीतिनियमांच्या दृष्टीने प्रश्नार्ह वाटते. आज अशा प्रयोगास पालकांची लेखी संमती, नीतिसमितीची परवानगी व कडक मर्यादा आवश्यक ठरतील. त्या काळात हे नियम अस्तित्वात नव्हते. दुसऱ्या बाजूस, या पुराव्याशिवाय पावावरील बंदी हे एका डॉक्टरचे खासगी मत म्हणूनच राहिले असते, हेही खरे आहे.

१९५० मध्ये डिके यांनी उत्रेख्त विद्यापीठात डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. सीलिॲक रोगाच्या रुग्णांवर काही धान्यांचा होणारा अपायकारक परिणाम हा त्याचा विषय होता. प्रबंध डच भाषेत असल्याने त्याचा प्रसार पुन्हा मर्यादितच राहिला.

मान्यता व पुढील संशोधन

डच निरीक्षणांची वार्ता इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर बर्मिंगहॅम येथील शार्लट अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. गव्हाच्या पिठाचे घटक वेगळे करून त्यांनी दाखविले की, स्टार्च निरुपद्रवी असून अपाय ग्लूटेन या प्रथिनाने होतो. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिले असता पांढरा स्टार्च वाहून जातो व हाती चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तोच ग्लूटेन होय. पोळी न तुटता लाटता येते आणि पाव फुगतो तो याच्यामुळे. हा निबंध १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. पुढील वर्षी डिके, वेयर्स व फान दे कामेर यांचे निबंध स्वीडनमधील बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. ग्लूटेनमधील अल्कोहोलमध्ये विरघळणारा ग्लायडिन हा भाग अपायकारक असल्याचे त्यांत दाखविले होते. ज्या मताला १९४७ मध्ये फारसे कोणी मानले नव्हते, ते आता थोड्याच वर्षांत सर्वत्र स्वीकारले गेले.

ग्लूटेन आतड्यात नेमके काय करते, हे डिके यांच्या पद्धतीने कळण्यासारखे नव्हते. १९५४ मध्ये जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या नमुन्यांत आतड्याच्या अस्तराची हानी दाखविली. त्यानंतर तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढण्याची साधने तयार झाली. निरोगी आतड्यात बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांच्यामुळे शोषणाचे क्षेत्रफळ फार मोठे होते. सीलिॲक रोगात हे उंचवटे झिजून अस्तर सपाट होते आणि ग्लूटेन बंद केल्यावर ते हळूहळू पुन्हा उगवतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनच्या निमित्ताने आपल्याच आतड्यावर हल्ला चढविते व त्यामागे आनुवंशिक प्रवृत्ती असते, हे ज्ञान त्याहून नंतरचे आहे. जव म्हणजे सातूही वर्ज्य धान्यांत मोडतो. ओटविषयीचे मत मात्र पुढे बदलले. इतर धान्यांची भेसळ नसलेले ओट बहुतेक रुग्णांना चालतात, असे १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत आढळले आहे.

शुश्रूषेतील बदल

डिके यांच्या कार्यामुळे या मुलांच्या शुश्रूषेचे स्वरूपच बदलले. पूर्वी महिनोन्महिने रुग्णालयात ठेवावे लागणारे मूल आता काही आठवड्यांत घरी जाऊ लागले. सुधारणेची पहिली खूण बहुधा वजनात नव्हे तर स्वभावात दिसते. चिडचिड कमी होते, मूल खेळू लागते, खायला मागते. शौच घट्ट होणे, पोट उतरणे व उंची वाढणे हे त्यानंतर घडते. म्हणून पहिल्या दिवसांत केवळ वजनकाट्याकडे पाहून निराश होऊ नये, असे पालकांना सांगणे हा शुश्रूषेचाच भाग ठरला. अतिशय कुपोषित मुलाला एकदम भरपूर खाऊ न घालता आहार बेताबेताने वाढविणे, सुरुवातीस दूध सोसत नसल्यास ते काही काळ कमी ठेवणे, लोह व जीवनसत्त्वांची उणीव भरून काढणे ही कामेही त्यात येतात.

मुख्य जबाबदारी मात्र स्वयंपाकघरात गेली. पथ्य जन्मभराचे असते आणि गहू उघड्या रूपात येतो तसा लपूनही येतो. महाराष्ट्रातील घरापुरते पाहिले तर पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किटे व पाव यांच्याखेरीज बाजारात मिळणाऱ्या डबीतील हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. उलट तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी व मका यांत हा घटक नसल्याने भाकरी व भात यांवर हे पथ्य निभावणे शक्य होते. अडचण येते ती एकाच गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली जाते तेव्हा, आणि शाळेच्या डब्यात वा वाढदिवसाच्या केकपाशी. भारतात हा रोग नसतोच, असा समज पूर्वी होता. उत्तर भारतातील मुलांमध्ये तो आढळल्याचा अहवाल १९६६ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडील राज्यांत तो दक्षिणेपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो.

अखेरची वर्षे

१९५७ मध्ये डिके उत्रेख्त येथे बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले व विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डच जठरांत्ररोग संघटनेने त्यांच्या सन्मानार्थ डिके सुवर्णपदक सुरू केले असून ते या क्षेत्रातील मूलभूत संशोधनासाठी दिले जाते.